कॉल झालाच नाही

माझ्या टेबलावर ज्या तक्रारी येतात त्यांत विमानातल्या कॉलच्या तक्रारींची मला सगळ्यात जास्त किळस येते. तक्रार करणाऱ्यांची नाही, आमची येते. एकवीस वर्षं मी या फोन कंपनीच्या बिल-तक्रार विभागात बसते आहे, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून. लोकांच्या खिशात हात घालायच्या नाना तऱ्हा बघून झाल्या. पण माणूस आभाळात लटकत असताना त्याचा खिसा चाचपायचा, ही तऱ्हा काही औरच.

समजावून सांगते, कारण विमानात फोन चालतो हेच निम्म्या लोकांना माहीत नसतं. विमानात फोन बंद करायचा, विषय संपला, अशी त्यांची समजूत असते. काही विमानांत आता तसं राहिलेलं नाही. विमानातच एक छोटा टॉवर बसवलेला असतो. विमान पुरेसं वर गेलं की तो सुरू होतो आणि ज्याचा फोन चालू असेल त्याला गपकन धरतो. तिथून कॉल उपग्रहावर जातो, उपग्रहावरून खाली येतो आणि मग कुणाच्या तरी घरी वाजतो. तो टॉवर कुठल्याच देशात नसल्यामुळे कुठल्याच देशाचा दर त्याला लागत नाही. परदेशासाठी म्हणून घेतलेलं पॅक तिथे चालत नाही. ते चालत नाही हे अकराव्या कलमात छापलेलं आहे, इतक्या बारीक अक्षरात की मुंगीलाही चष्मा लागावा. मिनिटाचा दर ऐकून माणूस खाली बसतो. एक मिनिट दोन सेकंद बोललात तर दोन मिनिटांचे पैसे. आलेला कॉल उचललात तरी पैसे तुमचेच. नाही उचललात आणि तो व्हॉइसमेलला गेला तर दोनदा पैसे, एकदा तुमच्यापर्यंत आला म्हणून आणि एकदा परत गेला म्हणून. माणूस तिकडे सीटवर मान टाकून घोरत असतो आणि इकडे आमचं मीटर पळत असतं.

मग बिल येतं, मग तक्रार येते आणि मग मी. प्रत्येक तक्रार आम्हाला ठरलेल्या सात कारणांपैकी एका कारणाखाली बंद करावी लागते. चौथं कारण आहे, 'ग्राहकाला दराची कल्पना नव्हती.' खरं म्हणजे शंभरातल्या नव्वद तक्रारी तिथे जायला हव्यात. पण चौथ्याला आमच्या साहेबांची सही लागते, वरच्या साहेबांची लागते, दहा दिवस जातात आणि शेवटी नाही म्हणूनच येतं. सहावं कारण आहे, 'कॉल झालाच नाही, तांत्रिक नोंद.' त्याला ठरावीक रकमेच्या आत कुणाचीच सही लागत नाही. एक क्लिक केलं की पैसे परत, मेसेज रवाना आणि तक्रार बंद. त्यामुळे ज्याची दया येते त्याला आम्ही सहावर टाकतो. 'सहावर टाक आणि चल जेवायला,' असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. बायकोशी अर्धा तास भांडलेल्या माणसाचा कॉल मी सहावर टाकला आहे. एकाने विमानातून लग्नाची मागणी घातली होती, होकारही मिळवला होता; तो कॉलसुद्धा झालाच नाही. यात खोटं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

आमच्या साहेबांना सगळे पाठीमागे 'निकाली' म्हणतात, कारण त्यांच्या तोंडी दिवसभर तेवढा एकच शब्द असतो. निकाली काढा, निकाली निघालं का, अजून निकाली कसं नाही. भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर शिल्लक तक्रारींचा आकडा. संध्याकाळी साडेपाचला तो शून्य दिसला की साहेबांचा चेहरा असा खुलतो की बघवत नाही.

एका मंगळवारी जेवणाच्या आधी ती तक्रार आली. विमानातला कॉल, सात मिनिटं अकरा सेकंद, आकारणी आठ मिनिटांची. ग्राहकाचा धंदा सुतारकाम. आई हॉस्पिटलात होती, त्याच दिवशी वारली. खाली काउंटरवरच्या मुलीने आणखी बरंच काही लिहिलं होतं, पण पडद्यावर तेवढंच दिसत होतं आणि मला भूक लागली होती. बिचाऱ्याची चार दिवसांची मजुरी गेली, असा मी हिशेब केला. मला खरंच वाईट वाटलं. सहावर टाकलं आणि जेवायला गेले. जेवताना स्वतःचीच पाठ थोपटून घेत होते, हेही सांगून टाकते.

गुरुवारी तो माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहिला. चाळिशीचा असेल. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, एका भुवईत लाकडाचा भुसा. खाली दीड तास टोकन घेऊन बसला होता, नंबर लागेना म्हणून तसाच जिना चढून वर आला होता. आरडाओरडा करायला आलेली माणसं मी लांबून ओळखते. हा त्यांच्यातला नव्हता. त्याने आपला फोन माझ्यासमोर ठेवला आणि हे कुणी लिहिलं म्हणून विचारलं.

आमचाच मेसेज होता. 'प्रिय ग्राहक, आपली तक्रार योग्य आढळली. सदर कॉल झालाच नव्हता. रक्कम परत करण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' मेसेज त्याला आलेला नव्हता. नंबर त्याच्या ताईच्या नावावर होता, घरातले चारही नंबर तिच्याच नावावर, त्यामुळे तो तिला गेला होता. तिने तो त्याला पुढे पाठवला होता. स्वतःचा एक शब्द खाली लिहिला नव्हता.

मी त्याला बसायला सांगितलं. तो तुटक तुटक बोलत गेला. परदेशात एका हॉटेलाचे दरवाजे बसवायच्या कामावर तो चार महिने होता. आईचं काही खरं नाही, लगेच नीघ, असा ताईचा फोन आला. मिळेल त्या विमानाने निघाला, दोन ठिकाणी बदललं. शेवटच्या विमानात त्याच्या लक्षात आलं की फोनला सिग्नल आहे. आधी विश्वास बसेना. मग आईच्या फोनवर लावून बघितला. फोन तिच्या उशापाशी असायचा. तिने उचलला. बोलणं झालं. तो उतरून हॉस्पिटलात पोचला तेव्हा तिला जाऊन तासही झाला नव्हता.

ताई त्याला एवढंच म्हणाली की निदान फोन तरी करायचास. तो म्हणाला, केला होता, विमानातून. ती म्हणाली, विमानात फोन लागत नसतो, मेलेल्या आईवरून तरी खोटं बोलू नकोस. आईच्या फोनमध्ये त्या वेळेला एक कॉल दिसत होता, पण बिननंबरचा. विमानातून केलेल्या कॉलचा नंबर कित्येकदा पुढे जातच नाही. ताई म्हणाली, कर्ज विकणाऱ्यांचा असेल. त्याच्या स्वतःच्या फोनातली यादी पुढच्या आठवड्यातल्या शेकडो फोनांखाली केव्हाच पुसली गेली होती. त्या दिवसापासून ताई त्याच्याशी बोलत नव्हती. ही ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, तेव्हा तिने शिवणकाम करून त्याला शिकवलं, पहिला रंधा आणि पटाशी तिनेच घेऊन दिली. आई गेली ती गेलीच, पण आता ताईही दार उघडत नाही, असं म्हणाला आणि टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. कड सरळ नाही हे त्याच्या बोटाला कळलं असणार.

बिल आलं तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं. पण बिलात नुसताच एकूण आकडा असतो, कुठला कॉल केव्हा झाला ते नसतं. ते लेखी, शिक्क्यासह मिळावं म्हणून तो आमच्या काउंटरवर आला होता. काउंटरवरच्या मुलीपाशी अशा मागणीसाठी बटणच नाही. तिने 'बिलाची तक्रार' दाबलं.

"मला पैसे परत नको होते, मॅडम," तो म्हणाला. "मला ते भरायचे होते."

मी त्याच्यासमोरच ती नोंद उघडली आणि या वेळी खालपर्यंत वाचली. शेवटच्या ओळीत त्या मुलीने स्वच्छ लिहिलं होतं: ग्राहकाला परतावा नको, कॉल झाल्याचा लेखी तपशील हवा. घाईघाईने कॉलचा तपशील छापून काढला. त्यात तो कॉल नव्हता. सहावर टाकलेला कॉल तपशिलातूनही जातो, हे मला एकवीस वर्षं माहीत होतं. फक्त त्याची कधी अडचण झाली नव्हती. उद्या या, मी काहीतरी करते, असं मी त्याला सांगितलं. असं मी रोज पाचपन्नास लोकांना सांगते, तो मात्र खरं मानून गेला.

तडक साहेबांच्या काचेच्या खोलीत गेले. ते गळ्यातल्या ओळखपत्राच्या कोपऱ्याने दात कोरत होते. सगळं ऐकून घेतलं, मधून मधून कोपरा बाहेर काढून न्याहाळलाही. मी म्हटलं, एक पत्र द्यायचं आहे, की हा कॉल झाला होता आणि आमची नोंद चुकली. दोन ओळी. ते हसले. या तिमाहीत आपण सहाव्या कारणाखाली आठशे चाळीस तक्रारी निकाली काढल्या आहेत, म्हणाले. त्यातला एक कॉल झाला होता असं आपणच लिहून दिलं तर उरलेल्यांचं काय? एक पत्र बाहेर गेलं की शंभर चौकशा आत येतील. त्यापेक्षा त्याला तीन महिने फुकट बोलायचं पॅक द्या.

मी म्हटलं, त्याला बोलायला माणूसच उरलेलं नाही.

"पैसे मिळाले ना त्याला परत?" निकालीसाहेब म्हणाले. "मग रडतोय कशाला?"

मला त्यांची किळस आली. मी दाराकडे वळले. निघताना त्यांनी मला गोड आवाजात आठवण करून दिली की ते क्लिक माझ्या नावावर आहे, त्यांच्या नाही. आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त झोंबली, कारण ती खरी होती. त्यांची किळस करायला मला आवडत होतं. त्या खोलीतून बाहेर पडताना काचेत माझं तोंड दिसलं आणि त्याचीही किळस आली.

दुपारी मी तळघरात गेले. तिथे देण्याघेण्याचा विभाग आहे. दुसऱ्या कंपन्यांना आपण किती द्यायचे आणि त्यांनी आपल्याला किती, हे तिथे ठरतं. तिथली प्रमुख माझी जुनी मैत्रीण. तिचा नवरा याच ऑफिसात होता म्हणून सगळे तिला वहिनी म्हणतात. विमानातला टॉवर आमचा नसतो, तो दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा. ती कंपनी आम्हाला सेकंदासेकंदाची यादी पाठवते आणि आम्ही मुकाट्याने पैसे मोजतो. तिथे कुणी कुणाला सहावर टाकत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाला आम्ही सांगतो की कॉल झालाच नाही, आणि त्याच कॉलचे त्यांना सांगतो की झाला, हे घ्या पैसे. वहिनीला हे मी बोलून दाखवलं तर ती म्हणाली, तुला आज कळलं का हे? तिने दहा मिनिटांत ती ओळ शोधून काढली. त्याचा नंबर, आईचा नंबर, कॉल उचलला, सात मिनिटं अकरा सेकंद. यादीतली वेळ भलतीच होती, विमानांची वेळ कुठल्याच गावाची नसते. वहिनीने पेन्सिलीने शेजारी आपली वेळ लिहिली. चार वाजून वीस मिनिटं.

तो कागद मी वर आणला. खाली माझ्या अक्षरात लिहिलं: 'हा कॉल झाला होता. तो झाला नाही अशी नोंद मी केली, ती खोटी आहे.' सही केली, पूर्ण नाव लिहिलं आणि ड्रॉवरमधला विभागाचा गोल शिक्का मारला. एकवीस वर्षांत त्या शिक्क्याखाली एवढं खरं वाक्य मी पहिल्यांदाच लिहिलं असेल. राग आला की माझा हात स्थिर होतो.

शुक्रवारी तो आला. कागद दोनदा वाचला, घडी घातली, उघडली आणि माझ्यापुढे परत ठेवला. म्हणाला, ताई माझ्या हातून घेणार नाही, वाटेल मीच कुठूनतरी छापून आणला. तुम्ही द्याल का? नियमांचं म्हणाल तर नंबर ताईच्या नावावर, म्हणजे कागदावर हक्क तिचाच. मी शनिवारी येते म्हटलं. खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. त्या ताईला चार शब्द सुनवायची माझ्या जिभेला खाज सुटली होती. सख्ख्या भावाच्या शब्दावर नाही आणि फोन कंपनीच्या मेसेजवर विश्वास, असली कसली ही बहीण. साहेबांवर काढता न आलेला राग मी व्यवस्थित घडी घालून तिच्यासाठी सोबत घेतला होता.

शनिवारी सकाळी तो मला तिच्या इमारतीपाशी भेटला, पण वर आला नाही. मी खाली थांबतो, म्हणाला. दुसऱ्या मजल्यावरचं दार त्यानेच बनवलेलं असणार. इतकं नेमकं बसलेलं दार त्या अख्ख्या जिन्यात दुसरं नव्हतं. ताईने उघडलं. पन्नाशीची, किडकिडीत, चष्मा कपाळावर, ओठांत दोन टाचण्या. खोलीत शिलाई मशीन, त्याच्यावर कुणाची तरी अर्धी उसवलेली पँट, खुर्चीवर नंबर लावलेल्या कपड्यांचा ढीग. मी फोन कंपनीतून आले म्हटल्यावर तिने टाचण्या काढून उशीत खोचल्या आणि पाणी आणून दिलं.

मी पाणी प्यायले नाही. कागद पुढे केला आणि जे पाठ करून आले होते ते बोलायला लागले. तुम्हाला आलेला मेसेज खोटा आहे. तो मी पाठवला. कॉल झाला होता. तुमचा भाऊ खरं बोलत होता आणि तुम्ही दीड महिना त्याला दाराबाहेर ठेवलं आहे. आवाज माझा चढलाच असणार, कारण खालच्या मजल्यावरचं कुणीतरी दार उघडून ऐकत होतं.

ताईने चष्मा खाली घेतला. कागद वाचायला तिला फार वेळ लागला. एवढा मजकूर नव्हताच त्यात. पेन्सिलीने लिहिलेल्या वेळेवर तिने बोट ठेवलं आणि ही वेळ बरोबर आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, मिनिटाचाही फरक नाही. मग ती मशीनपुढच्या स्टुलावर बसली. मी वाट बघत होते की आता ती तरी रडेल किंवा मला तरी बाहेर काढेल. त्या दोन्हीची माझी तयारी होती.

ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली. त्या दिवशी चारच्या सुमाराला डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलं होतं. ते आणायला ती खाली औषधांच्या दुकानात गेली. रांग होती. वर यायला पावणेपाच झाले.

"मी आले तर आई हसत होती," ती म्हणाली. "म्हणाली, तो बोलला माझ्याशी. म्हणाली, ढगांच्या वर आहे तो, आणि पुढच्या सीटवरचा माणूस त्याला सारखा हळू बोल म्हणतोय. मी म्हटलं, आई, विमानात फोन बंद असतात, भास झाला तुला. नाही गं, बोलला, म्हणाली. मी म्हटलं, गप्प पड, दम लागतोय. आणखी एकदा म्हणाली. मग म्हणायची थांबली."

कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं चार वीस मी पुन्हा वाचलं.

"नंतर सहाच्या सुमाराला तिनेच मला विचारलं. त्याचा फोन आला होता का गं, म्हणाली. तिला वाटायला लागलं होतं की मी म्हणते तेच खरं." ताईने पँटची उसवलेली शिवण दोन बोटांत धरली. "मी म्हटलं, नाही आला. मग परत काही बोलली नाही ती. साडेसहाला गेली."

हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. कुणाचं माप किती ते सांगताना ती अशीच बोलत असणार. पुढे म्हणाली, त्याने हॉस्पिटलात येऊन विमानातून फोन केला होता म्हटलं तेव्हाच मला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं. पण ते खरं असेल तर मी काय केलं ते मला कळत होतं. म्हणून मी त्याला खोटं ठरवलं. रोज सकाळी उठून ठरवत होते. आणि मग एक दिवस तुमचा मेसेज आला. एवढी मोठी कंपनी लेखी सांगते आहे, कॉल झालाच नव्हता. त्या दिवशी मी दीड महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

मी घेऊन आलेले चार शब्द माझ्यावरच उलटले. मंगळवारी मीही पोटभर जेवले होते, पुण्य केलं म्हणून. माझी मला इतकी शिसारी आली की अंगावरची चामडी काढून त्या कपड्यांच्या ढिगावर टाकावीशी वाटली. आधी न वाचता एक खोटं लिहिलं, मग न विचारता एक खरं घेऊन आले, आणि दोन्ही वेळा मी उपकार करते आहे असंच मला वाटत होतं. माफी मागावी म्हटलं तर नेमकी कशाची, तेही कळेना. खोट्याची मागावी तर ते तिला हवं होतं, खऱ्याची मागावी तर खाली तिचा भाऊ उभा होता.

तिने मला विचारलं की हे त्याला ठाऊक आहे का, म्हणजे आई काय म्हणाली ते. मी नाही म्हणून मान हलवली. त्याला कुठून ठाऊक असणार. त्याच्या लेखी आईशी सात मिनिटं बोलणं झालं होतं, आई खूश झाली होती आणि ते समाधान घेऊन गेली होती. त्याच एका गोष्टीवर तो हा दीड महिना तगला होता.

"नाही सांगितलं तर?" मी म्हटलं. माझ्या तोंडून निघालं ते असं. नोंदच करायची नाही, एक क्लिक, विषय बंद. एकवीस वर्षांची सवय एका दिवसात कशी जाईल.

ताईने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. उठली, दार उघडलं, जिन्याच्या कठड्यावरून वाकून तिने भावाला हाक मारली. वर ये म्हणाली.

तो तीन तीन पायऱ्या एकदम चढत आला असावा, कारण दारात पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. ताईच्या हातात त्याला कागद दिसला. शिक्का वरच्या बाजूला होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला. गेल्या तीन दिवसांत त्याला हसताना मी पाहिलं नव्हतं. खालचा एक दात पडलेला होता. दीड महिन्याचं ओझं उतरलेला माणूस कसा दिसतो ते मी जवळून बघितलं. त्याला वाटलं, सगळं मिटलं.

"सांगितलं होतं ना तुला, ताई," तो म्हणाला. "बोललो होतो मी तिच्याशी."

"हो," ती म्हणाली. "बोलला होतास. आत ये. बस."

तिने खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलून जमिनीवर ठेवला, त्याला जागा करून दिली. तो बसला. अजून हसतच होता. मी पर्स उचलली, उठले, चपलांकडे वळले. मला बाहेर पडायचं होतं, जिना उतरायचा होता, सोमवारी साहेब मला काढणार असतील तर त्यांनी खुशाल काढावं, पण या खोलीत आता जे व्हायचं होतं ते मला बघायचं नव्हतं.

"तुम्ही कुठे निघालात?" ताई म्हणाली. "बसा."

मी बसले. तिने दार लावून घेतलं, स्टूल त्याच्यासमोर ओढलं आणि त्या दिवशी चार वाजता ती इंजेक्शन आणायला खाली गेली होती तिथपासून सांगायला सुरुवात केली.